दोनशे बारावी आठवण

१

धोंडिराम रणपिसे शुक्रवारी सकाळी गेले. वय चौऱ्याऐंशी. रविवारी घाटकोपरच्या पंतनगरात शोकसभा ठरली. शनिवारी त्यांची सून रुक्मिणी हिनं जोगेश्वरीला फोन करून विचारलं, सासऱ्यांचा आवाज तुमच्याकडे आहे, त्यातली पाचेक मिनिटं सभेत ऐकवता येतील का.

फोन निधी घाडीगावकरनं घेतला. गिरणी कामगारांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जमवणाऱ्या एका लहान संस्थेत ती तीन वर्षं काम करत होती. जोगेश्वरी पूर्वेला तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एक जुना कॉम्प्युटर, एक स्कॅनर, आणि भिंतीवर भिकाजी परब यांचा मोठा फोटो. भिकाजी एका गिरणीच्या विणकाम खात्यात जॉबर होते, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. त्यांचे चिरंजीव विद्याधर परब शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ हे काम सुरू केलं होतं. आतापर्यंत दोनशे बारा माणसं बोलली होती. दोनशे बारावे धोंडिराम. पंधरवड्यानं सगळा संग्रह एका विद्यापीठाकडे कायमचा जायचा होता.

निधीनं यादी उघडली. दोनशे अकराच्या खाली कोरी ओळ होती. आवाजाची फाइल नव्हती. तिनं नोंदवही उघडली. कोणती फाइल कधी आली, कधी बदलली, हे ते सॉफ्टवेअर आपणहून लिहून ठेवायचं. तिथे दोन ओळी होत्या. क्रमांक २१२, दाखल, मंगळवार १०.४०. क्रमांक २१२, काढून टाकला, मंगळवार ११.५०.

तिनं परबसरांना बोलावलं. ते आले, पडद्याकडे बघत उभे राहिले आणि मग खुर्चीत बसले. मग सुबोध राजाध्यक्ष आले. हे अंधेरीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि संस्थेचं संपादन बघायचे. त्यांनी दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या. दुसरी प्रत कुठे आहे, म्हणून विचारलं. दुसरी प्रत नव्हती. सगळ्याची प्रत दर बुधवारी काढली जायची आणि फाइल मंगळवारीच गेली होती. रेकॉर्डरमध्येही काही नव्हतं, कारण तो दुसऱ्या दिवशी मुलुंडला न्यायचा म्हणून निधीनं मंगळवारीच रिकामा केला होता.

"मंगळवारी सकाळी इथे कोण होतं?" सुबोधनी विचारलं.

परबसर त्या सकाळी दिंडोशी कोर्टात होते. सुबोध कॉलेजात होते. दहापासून ऑफिसात एकटी निधी होती.

२

सोमवारपासून येऊ नकोस, असं तिला रविवारी कळवण्यात आलं. तेही सुबोधनी कळवलं.

निधीची आई जानकी आणि लता ओव्हाळ या जुन्या मैत्रिणी. दोघींनी एकाच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली; जानकी कँटीनमध्ये आणि लता फॉल्ट विभागात. कुठल्या तरी इमारतीतला फोन बंद पडला की तो नेमका कुठे तुटलाय, हे खुर्चीत बसून सांगायचं काम लतानं एकतीस वर्षं केलं. निवृत्तीनंतर लोक तिला इतर गोष्टींसाठीही बोलवायला लागले. कुणाचे दागिने हरवायचे, कुणाच्या सोसायटीत निनावी पत्रं यायची. ती फी घ्यायची नाही आणि दिलासाही द्यायची नाही.

जानकीनं सगळं सांगून झाल्यावर एवढंच म्हटलं, "लता, माझा चेडू असला काम करूचा नाय."

"ते मी बघते," लता म्हणाली. "तिला बोलव."

निधीनं मंगळवारचा दिवस सरळ सांगितला. दहाला ऑफिस उघडलं. कॉम्प्युटर लावला, यादी सुरू केली. मग मुलुंडच्या एका घरातून आलेला फोटोंचा अल्बम स्कॅन करायला घेतला. स्कॅनिंग चालू असताना यादीचं सॉफ्टवेअर ती थांबवून ठेवायची, नाहीतर मशीन रडायचं. पाऊणच्या सुमाराला रुक्मिणी येऊन रेकॉर्डर देऊन गेली. निधीनं आवाज यादीत चढवला आणि रेकॉर्डर रिकामा केला. सव्वा वाजता परबसर कोर्टातून आले. त्यांना तिनं सांगितलं की धोंडिरामबाबांचं आलंय, ऐका. दीड वाजता ती जेवायला आणि झेरॉक्स काढायला स्टेशनकडे गेली. पावणेतीनला परत आली तेव्हा सर चष्मा काढून बसले होते. डोकं दुखतंय म्हणून घरी गेले. चारच्या सुमाराला सुबोधसर येऊन काही दुरुस्त्या करून गेले. सहाला तिनं सगळं बंद केलं.

"तू स्वतः ऐकलं होतंस ते?"

नव्हतं. कुणीच नव्हतं. धोंडिरामबाबांची अट होती की बोलताना खोलीत कुणी नको. म्हणून रेकॉर्डर त्यांच्या घरी ठेवला होता.

"पाऊण वाजता आला म्हणतेस. नोंदवहीत दहा चाळीस आहे."

"मी तेच सांगतेय सगळ्यांना, मावशी. सुबोधसर म्हणाले, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल."

ज्या घरात नुकताच मृत्यू झालाय तिथे जाऊन हे विचारायला कुणी तयार नव्हतं. लतानं विचारलं की तुझ्यावरच संशय घ्यायचं कारण काय, त्या म्हाताऱ्याशी तुझं काय वैर. निधीनं आईकडे पाहिलं. जानकी उठून आत गेली.

मग निधीनं सांगितलं. तिचे आजोबा त्याच गिरणीत, त्याच खात्यात होते. ब्याऐंशीच्या संपात सात जणांची नावं कुणीतरी मालकांना दिली. सातही जणांचं काम कायमचं गेलं आणि त्यातल्या एकानं जीव दिला. नावं देणारा घाडीगावकर, अशी कुजबूज तेव्हापासून होती. आजोबा मरेपर्यंत लोक त्यांच्या घरचं पाणी प्यायले नाहीत. त्या सातांपैकी शेवटचा जिवंत माणूस होता धोंडिराम रणपिसे.

३

विद्याधर परबांनी लताला अडवलं नाही. उलट ऑफिसची चावी दिली, चहा मागवला. सडसडीत, सहासष्ट वर्षांचे, प्रत्येक वाक्य पूर्ण करणारे शिक्षक. शेजाऱ्यांच्या खटल्यात साक्षीदार म्हणून ते मंगळवारी दहा ते साडेबारा कोर्टात होते. सव्वाला ऑफिसात आले, तीनच्या आत घरी गेले. निधीनं सांगितलेलं आणि त्यांनी सांगितलेलं तंतोतंत जुळत होतं.

निधीबद्दल विचारल्यावर ते म्हणाले की मुलगी मनापासून काम करते. तिनंच हे केलं असेल का, यावर ते म्हणाले की नोंदवही सगळ्यांनी पाहिली आहे. लतानं हा प्रश्न तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला आणि तिन्ही वेळा त्यांनी नोंदवहीकडे बोट दाखवलं. निधीनं केलं, असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

सुबोध राजाध्यक्षांना मात्र खात्री होती. त्यांच्या मते गोष्ट साधी होती. आजोबांचं नाव येणार या भीतीनं मुलीनं आधी ऐकलं, मग पुसलं. सत्तर मिनिटं मध्ये होती, ऐकायला पुरेशी. ते चिडलेले होते, पण दुष्ट वाटले नाहीत. धोंडिरामांच्या पुसलेल्या आवाजाबद्दल बोलताना त्यांचा स्वतःचा आवाज दोनदा अडखळला. त्यांचे वडील साताऱ्याला शाळेत होते. गिरणीशी घराण्याचा काही संबंध नव्हता.

"तुम्ही मंगळवारी किती वाजता आलात?" लतानं विचारलं.

चारला पाच कमी. तीनपर्यंत वर्ग होता, साठ मुलांच्या हजेरीवर सही आहे. येऊन त्यांनी क्रमांक एकशे चाळीस उघडला, एका आजींच्या बोलण्यात गावाचं नाव चुकलं होतं ते लगेच सुधारलं आणि निघाले.

लतानं नोंदवहीचा कागद त्यांच्यापुढे केला. मंगळवारच्या ओळींवर पुढे कुणी बोट ठेवलंच नव्हतं, कारण सगळ्यांचे डोळे दोनशे बारावर थांबले होते. एकशे चाळीस, दुरुस्ती, मंगळवार १.४०.

सुबोधनी ती ओळ वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"एक चाळीसला मी वर्गात होतो," ते म्हणाले.

४

कॉम्प्युटर बघणारा सुयोग तिशीचा होता. अंधेरीला त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि संस्थेत तो फक्त बुधवारी यायचा. लतानं त्याला मंगळवारीच बोलावलं. बाकीच्यांनी तिला गुन्हा सांगितला होता. याच्याकडून तिला मशीन समजून घ्यायचं होतं.

"हा डबा बारा वर्षांचा आहे," सुयोग म्हणाला. "कुणीतरी दान दिलेला. यादीचं सॉफ्टवेअर विद्यापीठाचं, ते नव्या विंडोजशिवाय चालत नाही. आणि नवी विंडोज या डब्यावर चढायलाच तयार नाही. प्रोसेसर जुना, सपोर्ट नाही, विषय संपला."

"मग?"

"मग बाहेर लिनक्स टाकलं, विंडोजऐवजी वापरतात ते, हलकं असतं. आणि त्याच्या पोटात एक व्हर्च्युअल मशीन बनवलं. म्हणजे खरं मशीन नाही, नुसता देखावा. विंडोज त्यात बसवली. तिला वाटतं आपण भारीतल्या कॉम्प्युटरवर आहोत."

"म्हणजे फसवलंस तिला."

"फसवलं असं नाही," सुयोग म्हणाला, आणि थोडा विचार करून, "हां, थोडं फसवलं."

तिला नेट दिलेलं नव्हतं, कारण अपडेट आला की ती मशीन पुन्हा तपासते आणि अडून बसते. चालायची, पण जड चालायची. बाहेर दुसरं काही करायचं तर आतलं थांबवून ठेवावं लागायचं. निधीला हे त्यानंच शिकवलं होतं.

पुसलेली फाइल परत मिळेल का, हे त्यानं शनिवारीच बघितलं होतं. मंगळवारनंतर मुलुंडच्या दोन लांबलचक मुलाखती त्याच जागेवर चढल्या होत्या. हाताला काही लागलं नाही.

लतानं त्याला विचारलं की आतलं घड्याळ बरोबर आहे का. सुयोगनं आतली विंडोज पूर्ण पडद्यावर आणली, यादी बाजूला केली. खालच्या कोपऱ्यात वेळ दिसली. अकरा वाजून सतरा मिनिटं. लतानं मनगटावर पाहिलं. अकरा सतरा.

घड्याळ चोख होतं. मग एक प्राध्यापक वर्गात उभा असताना इथे बसून गावाचं नाव सुधारत होता, हे कसं?

५

धोंडिरामांच्या घरी ती बुधवारी गेली. आधी बसली, फोटोला फूल वाहिलं, चहा घेतला. रुक्मिणी जोगेश्वरीच्या एका गारमेंट युनिटमध्ये शिलाई करायची, अजून रजेवर होती. सभेच्या वेळी तिला फक्त मशीन बंद आहे असं कळवलं होतं; लतानं तिला फाइल गेल्याचं सांगितलं. कुणीतरी सांगायलाच हवं होतं. रुक्मिणी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मग लतानं विचारलं की रेकॉर्डर किती वाजता दिला. रुक्मिणीला आठवायची गरज पडली नाही. जेवणाची सुट्टी साडेबाराला, कार्ड पंच केल्याशिवाय गेटबाहेर सोडत नाहीत. चालत दहा-बारा मिनिटं. निधीनं पाणी दिलं, बाबा कसे आहेत विचारलं. एकला ती परत शिलाईला बसली होती. कार्ड बघायचं असेल तर पर्समध्ये आहे.

कार्डावर मंगळवारपुढे १२.३१ आणि १२.५८ छापलेलं होतं.

"ते बोलले ते तुम्हाला ऐकू आलं काही?"

"मी स्वयंपाकघरात होते, दार लावून. कुकर चालू होता. त्यांनीच सांगितलं होतं, सूनबाई, आज इकडे यायचं नाही. तासभर बसले असतील. मध्ये एकदा रडले वाटतं. शेवटाला आवाज चढला त्यांचा, तेवढं मात्र ऐकलं."

"काय म्हणाले?"

"'त्याच्या पोराला कळू दे.' दोनदा म्हणाले. कुणाच्या पोराला, ते नाही माहीत, ताई."

लता उठता उठता थांबली. निधीच्या आजोबांना एकच मुलगा होता, जानकीचा नवरा. तो जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि त्याच्या अंत्ययात्रेत धोंडिराम स्वतः चालत आलेले लतानं पाहिले होते. मेलेल्या माणसाला काही कळू दे, असं कुणी म्हणत नाही.

६

दुपारी लतानं ऑफिसात सुयोग, निधी आणि सुबोध यांना बोलावलं. परबसरांना बोलावलं नाही. निधी दाराशीच बसली.

लतानं कागदावर चार आकडे लिहिले होते.

"रुक्मिणीबाई पाऊणला आल्या, एकच्या आत परत गेल्या. कार्डावर छापलंय. त्या म्हणतात पाऊण, निधी म्हणते पाऊण, त्यानंतर आवाज चढवायला दहा मिनिटं धरा. म्हणजे बारा पंचावन्न. नोंदवही म्हणते दहा चाळीस. फरक किती?"

सुबोधनी मनात हिशोब केला. सव्वादोन तास.

"तुम्ही चारला पाच कमी असताना आलात आणि बसल्याबसल्या दुरुस्ती केलीत. नोंदवही म्हणते एक चाळीस. फरक?"

सुबोधनी पुन्हा मोजलं. तोही सव्वादोन तासच होता.

"तुम्ही आणि रुक्मिणीबाई एकमेकांना ओळखत नाही," लता म्हणाली. "अनोळखी दोन माणसं खोटं बोलतील, पण मिनिटाच्या हिशोबानं सारखंच खोटं बोलणार नाहीत. आमच्याकडे दोन इमारतींत एकच बिघाड आला की आम्ही इमारतींत जायचो नाही. मधली केबल बघायचो. सुयोग, ते आतलं थांबव."

सुयोगनं थांबवलं. पडदा करडा झाला. चहा आला, चौघांनी पिऊन संपवला. मग लतानं आतलं सुरू करायला सांगितलं. कोपऱ्यात तीन वाजून सहा मिनिटं दिसत होती. सुयोगच्या फोनवर तीन वाजून एकोणीस.

सुयोगनं कपाळावर हात मारला. थांबवलं की आतल्या विंडोजचा काळच थांबतो. सुरू केल्यावर ती जिथे होती तिथून पुढे चालते. मधली वेळ गेलीय हे तिला कळत नाही. नेट असतं तर तिनं कधीतरी विचारून घड्याळ लावून घेतलं असतं. बाहेरच्या मशीनशी वेळ जुळवून घेणारा एक प्रोग्रॅम असतो, पण त्यानं हा डबा अडकायचा म्हणून सुयोगनंच काढून टाकला होता. संध्याकाळी सगळं बंद करून सकाळी लावलं की घड्याळ पुन्हा चोख व्हायचं. म्हणून काल ते बरोबर होतं, आणि रोजच सकाळी बरोबर असायचं.

"हे कुठे लिहून ठेवलेलं असेल का?" लतानं विचारलं.

बाहेरचं लिनक्स स्वतःची वेगळी नोंद ठेवतं, आणि त्याचं घड्याळ कधी थांबत नाही. सुयोगनं ती उघडली. मंगळवार, १०.०८, थांबवलं. मंगळवार, १२.२३, सुरू केलं.

"अल्बम स्कॅन करत होते," निधी म्हणाली. "सांगितलं होतं मी."

तिनं खरंच सांगितलं होतं, सगळ्यांना. सुबोध तिच्याकडे बघू शकले नाहीत.

"म्हणजे फाइल ११.५० ला पुसलेली नाही," लता म्हणाली. "सव्वादोन तास पुढे मोजा. दोन वाजून पाच मिनिटं."

दीड ते पावणेतीन निधी स्टेशनकडे होती. सुबोध वर्गात होते. सुयोग अंधेरीला होता, आणि इथे असता तरी त्याला या सगळ्याचं काही पडलेलं नव्हतं. राहिला एकच माणूस. सुबोधची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली आणि तिथेच राहिली.

७

विद्याधर परब बोरिवलीला एकटेच राहायचे. गुरुवारी सकाळी लता गेली तेव्हा ते झाडांना पाणी घालत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला, हात पुसले. लतानं कागद समोर ठेवला. त्यांनी तो उत्तरपत्रिका वाचावी तसा वरपासून खालपर्यंत वाचला.

"चूक नाही यात," ते म्हणाले.

थोड्या वेळानं ते आपणहून बोलायला लागले. निधी गेल्यावर त्यांनी हेडफोन कानाला लावून ऐकायला सुरुवात केली. धोंडिराम आधी गावाबद्दल बोलले, मग खात्याबद्दल, मग संपाबद्दल. नावं कुणी दिली हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण विणकाम मास्तरच्या, म्हणजे खात्याच्या साहेबाच्या, केबिनबाहेर ते स्वतः उभे होते. आत भिकाजी परब सात नावं एकेक करून सांगत होते. सातवं धोंडिरामांचं स्वतःचं होतं.

"मी बावीस वर्षांचा होतो," परब म्हणाले. "बी.एड.ला होतो. संपात आमच्याकडे चूल कशी पेटत होती, हे मी कधी विचारलं नाही."

"निधीला अडकवायचं होतं?"

"नाही. तसं मनातही नव्हतं. एक फाइल हरवली, मशीन जुनं आहे, एवढंच लोक म्हणतील असं वाटलं. शनिवारी सुबोधनं वेळ वाचून दाखवली तेव्हा मलाच कळेना. मी तर दोन वाजता..." ते थांबले. "अकरा पन्नास ऐकलं आणि वाटलं, सुटलो."

"आणि ती?"

परबांनी कागद उलटा करून ठेवला.  लतानं विचारलं की निधीच्या आजोबांबद्दल त्यात काही होतं का.

"होतं," परब म्हणाले.  "घाडीगावकरानं काही केलं नव्हतं. ते त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं."

लतानं कागद उचलून पर्समध्ये ठेवला. तिनं आयुष्यात पुष्कळ खोटं ऐकलं होतं, त्याचा तिला त्रास व्हायचा नाही. पण या माणसानं एका मुलीच्या आजोबांचा डाग धुणारी एकमेव साक्ष पुसली होती, आणि मग त्याच डागामुळे तिच्यावर आळ आला तेव्हा शेजारी गप्प बसला होता. 

"ते काय बोलले हे ऐकलेला माणूस आता तुम्ही एकटेच," ती शेवटी म्हणाली. "पोलिसात जायचं की नाही ते संस्था ठरवेल. मला त्यात रस नाही. पण ती आठवण आता तुमच्याकडे आहे."

सोमवारी सुबोधनी निधीला फोन करून माफी मागितली. ती ऐकून घेऊन म्हणाली की ठीक आहे. परत कामावर यायचं की नाही ते तिनं सांगितलं नाही, पण त्या दिवशी ती आली. रेकॉर्डरची बॅटरी तपासली, माइक परबांच्या समोर ठेवला. खोलीत रुक्मिणी होती, जानकी होती, लता मागे भिंतीला टेकून उभी होती.

परबांनी आपलं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. मग धोंडिराम रणपिसे यांनी सांगितलेलं, जसं आठवत होतं तसं, सांगत गेले. केबिन, दार, सात नावं. बाळा चव्हाणचं नाव आलं, ज्याला गावच्या विहिरीतून काढला होता. घाडीगावकर निर्दोष होते, हेही आलं.

"थांबा," निधी म्हणाली. "ते नाव परत घ्या. पूर्ण घ्या."

"यशवंत रामा घाडीगावकर," परब माइकजवळ वाकून म्हणाले. "त्यांनी कुणाचंही नाव दिलं नव्हतं."

जानकीनं तोंडाला पदर लावला. निधीनं रेकॉर्डरवरच्या आकड्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "पुढे?"

परब माइकपासून मागे झाले. रुक्मिणी पुढे सरकली. सासरे तासभर बोलले होते हे तिला माहीत होतं, आणि इथे अजून अर्धा-पाऊण तासच झाला होता. "शेवटाला ते दोनदा म्हणाले, 'त्याच्या पोराला कळू दे,'" ती म्हणाली.

"वडिलांचं नाव आलं, त्यानंतर मी कसंबसं थोडं ऐकलं," विद्याधर परब म्हणाले. "मग मी ते बंद केलं. माझ्यासाठी काय म्हणाले असतील ते त्याच्या पुढे असणार. पुढचं मी ऐकलं नाही."